ती हसली, आणि दुसऱ्या दिवशी तिने फोन उचलला नाही

प्रश्न : माझ्या मैत्रिणीचे पती पाच महिन्यांपूर्वी अचानक गेले. सुरुवातीला तिच्या घरी माणसांची रीघ होती. आता अधूनमधून जाणारी मी एकटीच उरले आहे. गेल्या आठवड्यात जुन्या गोष्टी बोलताना ती खळखळून हसली, तेव्हा ती सावरली असे समजून मी म्हणाले, “आता मागचे विसर, मुलांकडे बघ.” दुसऱ्या दिवसापासून ती फोन उचलत नाही. दुःखाचे पाच टप्पे असतात असे वाचले आहे. ती कोणत्या टप्प्यावर अडकली असेल, आणि मी काय करावे?
— एक वाचक

उत्तर : आपण जे लिहिले आहे त्यावरून ती कुठे अडकली आहे असे मला वाटत नाही. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेले नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार हे पाच टप्पे मुळात स्वतःच्या मृत्यूला सामोरे जाणाऱ्या रुग्णांशी झालेल्या संभाषणांतून आले होते; मागे राहिलेल्या माणसांना ते नंतर लावले गेले, आणि लोकांच्या मनात त्यांची जणू शाळेतल्या इयत्तांसारखी उतरंड तयार झाली. प्रत्यक्षात दुःख असे इयत्ता चढत जात नाही. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलेले चित्र मला अधिक खरे वाटते : माणूस काही काळ गमावलेल्या व्यक्तीपाशी असतो, काही काळ बिले, मुलांचा अभ्यास, नवी जबाबदारी यांत असतो, आणि या दोहोंमध्ये त्याची सतत ये-जा चालते. म्हणजे तिचे हसणे खरे होते आणि दुसऱ्या दिवशीचे मौनही खरेच होते. शिवाय हसल्यानंतर अपराधी वाटणे हे शोकात फार सामान्य आहे. नेमक्या त्या क्षणी आपण ‘विसर’ म्हणालात.

हा शब्दच तेवढा टाळावा. गेलेल्या माणसाशी असलेले नाते तोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही ही समजूत बराच काळ होती, पण पुष्कळ माणसे ते नाते वेगळ्या रूपात जपूनच नीट जगतात. आपण तिच्या पतीचे नाव घेतल्याने तिला त्यांची आठवण होईल ही भीती बाळगू नका, कारण ती त्यांना विसरलेलीच नाही. उलट, सगळ्यांनी ते नाव टाळल्यामुळे घरात जी पोकळी होते ती तिला अधिक बोचत असेल. त्यांचा एखादा प्रसंग आपल्याला आठवला तर सांगा. ती रडली तर लगेच पाणी आणायला उठू नका, बसून राहा.

“काही लागले तर सांग” हे वाक्य आपण सगळेच मनापासून म्हणतो आणि त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही, कारण काय लागते आहे हे ठरवून ते मागण्याइतके त्राण शोकातल्या माणसात नसते. त्याऐवजी नेमके काम उचला. पतीच्या निधनानंतर कागदपत्रांचा ढीग येतो, आणि एखाद्या अर्जातल्या ‘वैवाहिक स्थिती’च्या चौकटीपाशी तिचे पेन पहिल्यांदा थांबते, तेव्हा शेजारी कोणी बसलेले असणे ही मोठी मदत असते. कपाटातले कपडे मात्र ती म्हणेपर्यंत आवरू नका. वाढदिवस, लग्नाचा दिवस आणि पहिले वर्षश्राद्ध किंवा स्मृतिदिन आपल्या दिनदर्शिकेत आताच नोंदवून ठेवा; तेव्हा बाकीच्यांची रीघ नसेल.

डॉक्टरांची गरज कधी? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकाराची नोंद आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ, तिच्या समाजात जे स्वाभाविक मानले जाईल त्याच्या पलीकडे, तीव्र ओढ किंवा वेदना टिकून दैनंदिन जगणेच ठप्प झाले, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जगण्यात अर्थ नाही, आपणही जावे, असे ती बोलू लागली तर महिने मोजत बसू नका; तिला सरळ विचारा, एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा.

तूर्त फोन करण्याऐवजी तिला दोन ओळी लिहून पाठवा : “त्या दिवशी मी चुकीचे बोलले. गुरुवारी संध्याकाळी येऊ का? बोलावेसे वाटले नाही तरी चालेल.” उत्तर आले नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहा, मात्र पहिल्या निरोपाचे काय झाले हे विचारू नका.