फिलिपिनो मालिकांतलं वेषांतर: कुठली बघावी?

तुमचे प्रश्न दोन: या मालिकांत वेषांतर कुणालाच कसं ओळखू येत नाही, आणि बघण्याजोगी एखादी आहे का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. 'आंग प्रोबिन्स्यानो' बघा, पण सगळी नको. २०१५ ते २०२२ अशी सात वर्षं चाललेली, सतराशेच्या आसपास भागांची मालिका आहे. पूर्ण बघायची तर नोकरी सोडावी लागेल.

ती मूळची पोलिसी मारामारीची, पण सुरुवात निव्वळ घरातली. कार्डो आणि अदोर हे जुळे भाऊ, दोघंही पोलिसात, दोन्ही भूमिका कोको मार्टिनच्या. अदोर मारला जातो आणि कार्डो त्याच्या जागी उभा राहतो. ही कल्पना त्याच्या आजीच्या भावाची, जो स्वतः पोलीस जनरल आहे. म्हणजे सोंग घरच्यांच्याच आशीर्वादाने! चेहरा तोच, त्यामुळे 'ओळखलं कसं नाही' हा तुमचा प्रश्नच उरत नाही. बाहेरच्या गुंडांना फसवणं त्यामानाने सोपं. भावाची बायको आणि लहान मुलगा यांच्यात भावाच्या नावाने वावरायचं, हे खरं अवघड, आणि मालिका तिथेच पकड घेते.

पुढे हाच कार्डो टोळीत शिरायला 'पालोमा' नावाची बाई बनतो. विग, उंच टाचा, लिपस्टिक, आणि आत तोच दणकट गडी. इथे मात्र न ओळखण्यातच गंमत आहे: आपल्याला सगळं दिसतंय, आणि पडद्यावरचे गुंड घायाळ होतायत. काही विनोद आज खटकतात, ते मान्य. पण पहिलं सोंग जितकं बेमालूम तितकं जड, आणि हे जितकं उघडं तितकं हलकं. दोन्ही एकाच मालिकेत, एकाच माणसाची. अशी जोडी मला दुसरीकडे दिसली नाही.

आजीकडे नीट लक्ष द्या. लोला (म्हणजे आजी) फ्लोरा, सगळ्यांची 'काप' (म्हणजे कॅप्टन), ही भूमिका सुझान रोसेस यांची. ज्या १९९७च्या चित्रपटावरून ही मालिका घेतली, त्यात कार्डो होते फर्नांडो पो ज्युनियर, म्हणजे त्यांचे पती. ते २००४ मध्ये गेले. पतीने रंगवलेल्या माणसाला त्या इथे नातू म्हणून जेवायला वाढतात. मे २०२२ मध्ये त्याही गेल्या, मालिका संपायच्या तीनेक महिने आधी.

निव्वळ विनोदीच हवी असेल तर २०११ची 'आय हार्ट यू, पारे' आहे. गायिका रेजीन वेलास्केस यात ड्रॅग क्वीनच्या (म्हणजे बाईच्या भडक वेषात कार्यक्रम करणाऱ्या पुरुषाच्या) वेषात लपणारी तरुणी झाली आहे. गरोदरपणामुळे तिला मालिका मध्येच सोडावी लागली आणि तीच भूमिका इझा काल्सादोने पुढे नेली. शेवटचे भाग त्यामुळे थोडे विस्कळीत वाटतात.

'प्रोबिन्स्यानो'त हुवाकिन या खलनायकाचं प्रकरण मिटलं की खुशाल थांबा. त्यानंतर बंडखोर आणि राजकारण येतं, आणि घर मागे पडतं.