पगाराआधी घराची ओळ वाच

नाशिक, रविवार रात्र

प्रिय पोरी,

परवा तू आलीस तेव्हा चहा निवून गेला तरी शाळेच्या नोकरीचं ऑफर लेटर उघडलेला मोबाईल तुझ्या हातातच होता. "बाई, महिना सहा हजार दिरहॅम!" म्हणालीस आणि लगेच रुपयांत गुणाकार करून दाखवलास. तुझा आनंद बघून मला काही बोलवेना. घरी सगळे झोपलेत, म्हणून आता लिहायला बसले.

दुबईला जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. नऊ वर्षं मी तिकडे इंग्रजी शिकवलं आणि गंगापूर रोडचं हे घर त्याच पैशातून झालं. पण त्या ऑफर लेटरमधला पगाराचा आकडा तू दहा वेळा वाचलास आणि घराबद्दलची ओळ एकदाही वाचली नाहीस. तिथे लिहिलंय की घरभाडं भत्ता पगारातच धरलेला आहे. म्हणजे घर तूच शोधायचं, डिपॉझिट तूच भरायचं, आणि ते सगळं त्या सहा हजारांतून.

इथे इंदिरानगरला फ्लॅट भाड्याने घेताना आपण दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट देतो, अकरा महिन्यांचा करार करतो आणि दर महिन्याला भाडं फोनवरून पाठवतो. दुबईत भाडं सांगतात ते वर्षाचं, आणि घरमालक पुढच्या तारखांचे चेक आधीच मागून घेतो. कोणी एका चेकमध्ये मागतं, कोणी चारमध्ये. चेक जितके कमी, तितकं भाडं थोडं उतरतं.

समज, ३६,००० दिरहॅम वर्षाचा एक स्टुडिओ मिळाला. चार चेक ठरले तर पहिला ९,०००चा. बिनफर्निचरच्या घराला साधारण पाच टक्के डिपॉझिट, म्हणजे १,८००. एजंटचे पाच टक्के, आणखी १,८००. वीज-पाण्याच्या जोडणीसाठी फ्लॅटला २,०००ची अनामत. झाले १४,६००, आणि अजून गादी घ्यायचीय. हे सगळं पहिला पगार हातात पडायच्या आधी. शिवाय वर्षाच्या भाड्याच्या पाच टक्के हाउसिंग फी वीजबिलातून कापली जाते, या हिशोबात महिन्याला १५०. एसीचं बिल वेगळं येतं की घरमालक भरतो, तेही घर बघतानाच विचारायचं. तिकडे जाहिरातीत 'चिलर फ्री' लिहिलेलं असतं, म्हणजे गार हवेचं बिल भाडेकरूला नाही. मे ते सप्टेंबर एसी रात्रंदिवस चालतो, तेव्हा ही बारीकसारीक बाब राहत नाही.

आणि नवीन माणूस चेक देणार कुठून? आधी रेसिडेन्स व्हिसा, मग एमिरेट्स आयडी म्हणजे तिकडचं ओळखपत्र, मग बँकेचं खातं, मग चेकबुक. त्याला काही आठवडे जातात. तोवर पोरी बेडस्पेस घेतात, म्हणजे एका खोलीतला एक पलंग भाड्याने. मजबुरीत सगळेच राहतात, त्यात कमीपणा नाही. फक्त प्लायवूडच्या फळ्या मारून केलेल्या पार्टिशनच्या खोलीत राहू नकोस. ते बेकायदा असतं, तपासणी आली की राहणाऱ्यांनाच रात्रीतून निघावं लागतं. भाडेकरार 'इजारी'त, म्हणजे तिकडच्या सरकारी भाडेकरार नोंदणीत, नोंदलेला आहे का आणि राहणाऱ्यांत तुझं नाव जातंय का, हे मूळ भाडेकरूला स्पष्ट विचार. टाळाटाळ झाली तर ती जागा सोड.

मला शाळेनेच राहायला जागा दिली होती. पत्रात 'सुसज्ज निवास' लिहिलं होतं. गेले तर शारजात एका फ्लॅटमध्ये आम्ही पाच जणी, माझ्या खोलीत दोघी. सुसज्ज म्हणजे लोखंडी पलंग आणि अर्धं कपाट. स्वयंपाकघरात दोन बर्नरची एक शेगडी आणि ओट्यावर पाच कुकर ओळीने. कोणाचा कोणता ते कळावं म्हणून प्रत्येकीने झाकणाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. सकाळी सहाला शाळेची बस, त्यामुळे डब्याची भाजी रात्रीच व्हायची आणि शेगडी मिळायला दहा वाजायचे. मुलांच्या वह्या मी इस्त्रीच्या टेबलावर तपासल्या आहेत, कारण दुसरं टेबलच नव्हतं. आणि जुलैच्या सुट्टीत नाशिकला आले, तेव्हा शाळेने आमचं सामान खोक्यांत भरून जिन्याखाली ठेवलं आणि खोली नव्या शिक्षिकांना दिली. करारात सुट्टीचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे भांडायला माझ्याकडे कागद नव्हता.

तरीही सांगते, पहिल्या वर्षी शाळेची जागा मिळत असेल तर घे. त्या फ्लॅटमुळेच मी पहिल्या वर्षी पैसे शिल्लक टाकू शकले. फक्त खोली एकटीची की दोघींत, वीजबिल कोणाचं, सुट्टीत सामान कुठे, नोकरी सोडली तर किती दिवसांत जागा खाली करायची, हे सगळं मेलवर लेखी मागून घे. तोंडी "डोन्ट वरी मॅडम" वर विसंबू नकोस.

जागा कुठे आहे तेही बघ. शारजात भाडं कमी, पण शाळा दुबईत असली तर रोज दोन्ही वेळा अल इत्तिहाद रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकशील. करामा, बर दुबई, अल कुसैस हे आपल्या माणसांचे भाग, मेट्रो जवळ, ज्वारीचं पीठ आणि कढीपत्ता कोपऱ्यावरच्या दुकानात. मी पुढे अल कुसैसला खोली घेतली तेव्हा भाडं थोडं वाढलं, पण रात्रीची झोप परत मिळाली.

आता मूळ पगाराचं. तुझ्या पत्रात बेसिक २,४०० आहे आणि बाकीचे सगळे भत्ते. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांची. २,४००वर ती वर्षाला १,६८० होते, ३,६०० बेसिक असतं तर २,५२०. एकूण पगार तोच ठेवून बेसिक वाढवून मागायला तुला काहीही लागत नाही.

व्हिसाचे पैसे भर असं कोणी म्हणालं तर देऊ नकोस. भरतीचा खर्च कर्मचाऱ्याकडून वसूल करायला तिकडचा कायदा परवानगी देत नाही. आपल्याकडचा एजंट ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी नोकरीच्या सरकारी वेबसाइटवर, नोंदलेला आहे का ते बघ. त्याला फी घेता येते ती ३०,००० रुपये आणि जीएसटी, त्यापुढे नाही. पदवीचं अटेस्टेशन, म्हणजे ती खरी असल्याचे सरकारी शिक्के, मात्र बहुतेक वेळा आपल्याच खिशातून होतं. विद्यापीठ, राज्याचं मंत्रालय, परराष्ट्र मंत्रालय, मुंबईतलं यूएईचं कॉन्सुलेट अशा फेऱ्या आहेत. आजच सुरू कर.

एक गोष्ट तुझ्या बाबांना सांग, मी सांगितली म्हणून सांग. पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटचं बुकिंग तुझ्या पहिल्या वर्षाच्या पगारावर करू नये. हप्ता ठरलेल्या तारखेला जातो आणि तुझे चेकही ठरलेल्या तारखांचे असतील. दोन्ही एका महिन्यात आले की तू एका शब्दाने घरी सांगणार नाहीस, उपाशी राहशील. मी राहिले आहे.

उद्या शाळेला मेल लिही. दोनच प्रश्न: पहिले तीन महिने राहायची जागा द्याल का, आणि नसेल तर घरभाडं भत्ता वर्षाचा आगाऊ मिळेल का. काही शाळा देतात आणि पगारातून कापून घेतात. मागितल्याशिवाय कोणी देत नाही. मेल पाठवायच्या आधी मला दाखव. शनिवारी मी मखमलाबादला बहिणीकडे असेन, बाकी रोज संध्याकाळी सहानंतर घरीच आहे.

तुझ्या
बाई