दुर्गम भागात डॉक्टर-नर्स टिकावेत म्हणून बॉण्ड कडक करावा का?

तुम्ही विचारलंय की प्रशिक्षणावर एवढा खर्च होऊनही दुर्गम भागात माणसं टिकत नाहीत, तर बॉण्ड कडक करावा का आणि मुख्यालयी (नेमणुकीच्या गावी) न राहणाऱ्यांचे पैसे कापावेत का.

बॉण्डचं लवकर सांगते. बॉण्ड म्हणजे सरकारी कॉलेजात शिकल्यावर सरकारी सेवा करायची हमी. आपल्याकडे एमबीबीएसनंतर एक वर्ष सेवा, नाहीतर १० लाख रुपये, असा नियम बरीच वर्षं चालत आला. ज्यांच्या घरी पैसा ते भरून मोकळे व्हायचे. बाकीचे यायचे आणि पीजीच्या परीक्षेचा अभ्यास करत वर्ष काढायचे. त्यांना दोष देत नाही, पण त्यातून पाड्यावरच्या बाळंतिणीला काही मिळालं नाही.

तुमच्या प्रश्नातल्या ‘मुख्यालयी न राहणाऱ्यांचे’ या शब्दांनी मात्र मला लिहायला बसवलं. सातपुड्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात मी १४ वर्षं एएनएम, म्हणजे गावपातळीवरची सरकारी नर्स होते. आदिवासी भागात एका उपकेंद्राला ३००० लोकसंख्या धरतात. माझ्याकडे ती ११ पाड्यांवर विखुरलेली होती आणि चार पाड्यांना पावसाळ्यात गाडी जात नसे. क्वार्टर होतं, पण न्हाणीघराच्या दाराला कडी नव्हती, पत्रा गळायचा, पाणी लांबच्या हातपंपावरून. तरी मी तिथेच राहत होते.

वरच्या पाड्यावरची आमची आशा, म्हणजे गावातलीच आरोग्य स्वयंसेविका, आठवी शिकलेली. नवजात बाळाच्या घरभेटींचं प्रशिक्षण तालुक्याला झालं. तक्ते मराठीत, बोलणं पुस्तकी मराठीत, आणि हिच्या घरात पावरी बोली. तिथे शिकवणाऱ्यांनी तिला सगळ्यांसमोर ‘हिला काही येणार नाही’ म्हणून गप्प बसवलं. ती परत आली तेव्हा काम सोडायच्या बेतात होती.

मी तिला घेऊन घरोघर फिरले. बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त झाले तर धोका, हे तिला पाठ होतं, पण मोजताना चाळिशीनंतर चुकायची. मग आम्ही मक्याचे दाणे घेतले. दहा श्वास झाले की एक दाणा बाजूला. मिनिट संपायच्या आत सहावा दाणा पडला, की मला निरोप. पाच घरांत पाच बाळांवर हे केलं आणि तिचा हात बसला. चार टप्प्यांच्या प्रशिक्षणात जे झालं नाही ते तीन दिवसांत झालं, कारण समोर खरं बाळ होतं आणि चुकलं तर शेजारी मी होते.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये रात्री दोन वाजता तिचा नवरा क्वार्टरवर आला. पावसात दीड तास डोंगर उतरून. म्हणाला, “बाई, तिनं सांगितलंय, सहा दाण्यांच्या वर जातंय.” घरीच झालेलं बाळंतपण, तिसऱ्या दिवसाची भेट. मी पोहोचले तेव्हा बाळ १ किलो ६०० ग्रॅम भरलं, अंगावर पीत नव्हतं, पाय गार. पण आशानं त्याला आधीच आईच्या उघड्या छातीशी लावून वरून गोधडी गुंडाळली होती. दूध पिळून चमच्यानं देऊन पाहिलं, गिळेना. उजाडताच झोळी करून रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीपनं ग्रामीण रुग्णालयात. बाळ वाचलं. आज तो शाळेत जातो.

त्याच दिवशी सकाळी अकराला एक साहेब भेटीला आले. क्वार्टरला कुलूप. ‘मुख्यालयी राहत नसल्याचे आढळले’ अशी नोटीस, तीन महिन्यांचे पैसे कापले. मी खुलासा दिला, रुग्णालयाची चिठ्ठी जोडली. आढावा बैठकीत साहेब म्हणाले, “कारणं सगळेच सांगतात.” आशाला सगळ्या घरभेटींचे मिळून २५० रुपये, तेही पाच महिन्यांनी.

आता सांगा, माणूस कशानं टिकतो? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं, आणि आशांच्या घरभेटी त्यातूनच आल्या. पण तिथे दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात जाऊन काम तपासत, चुकलं तर तिथल्या तिथे शिकवत. सरकारनं घरभेटी घेतल्या, तक्ते घेतले, आणि ही पाठीशी उभं राहण्याची पद्धत मागे ठेवली. जामखेडला १९७० पासून डॉक्टर असलेल्या आरोळे दांपत्यानं अक्षरओळख नसलेल्या बायकांनाही गावच्या आरोग्यसेविका म्हणून तयार केलं, तेसुद्धा पुन्हा पुन्हा बोलावून, एकदाच शिबिर घेऊन नव्हे.

म्हणून माझं मत: पाड्यावरच्याच बारावी झालेल्या मुलींना एएनएमला घ्या आणि त्यांच्याच भागात नेमा. क्वार्टरला दार, पाणी, वीज द्या. आशाचा मोबदला महिन्याच्या महिन्याला द्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या आशांचा गौरव केला तेव्हा मला रडू आलं, आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर बसल्या होत्या.

सगळे बॉण्डवाले सारखे नसतात हेही सांगायला हवं. एक डॉक्टर मुलगी आमच्याकडे वर्षभर होती, माझ्याबरोबर पाड्यांवर चालत यायची. तिनं मला जितकं शिकवलं तितकं कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नाही. आणि तालुक्याला घर करून महिन्यातून चार दिवस उगवणारे कर्मचारीही मी पाहिलेत. त्यांच्यावर कारवाई जरूर करा. फक्त कुलूप पाहून करू नका. वर चढून जा आणि बाळंतिणीला विचारा, नर्सबाई शेवटची कधी आली. तारीख तिला सांगता येणार नाही, पण मोहफुलं वेचायच्या आधी आली होती की नंतर, हे ती बरोबर सांगेल.