फर्म सावरायची आहे की लेकीला शिकवायचं आहे?

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. घरात आजोबांपासून कंत्राटदारी: महापालिकेची पावसाळी गटारं, ड्रेनेज, छोटे रस्ते. मुलगी सयाजीराव विद्यापीठात सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ते लिहितात, "सगळं डिजिटल झालं, आम्ही मागे पडलो. हिला आठ महिन्यांच्या बिम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे बांधकामाचं संगणकावरचं मॉडेल) आणि ड्रोनच्या कोर्सला घालतोय. फी 1 लाख 60 हजार, पैकी 20 हजार भरले. पुढच्या वर्षी हिनेच फर्म डिजिटल करायची. सीजीपीए 6.4, एक बॅकलॉग, सांगायला लाज वाटते. पाण्याच्या विषयात रस आहे म्हणते, 2024 च्या पुरानंतर लॅपटॉपवर कसले तरी नकाशे करत बसते. ते नंतर बघू. कोर्स बरोबर आहे ना?"

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यात फर्म आहे, टेंडर आहेत, बुलेट ट्रेनच्या कामावर चाळीस मीटरचे, 970 टनांचे गर्डर कसे उचलतात तेही आहे. लेकीच्या वाट्याला शेवटच्या चार ओळी आल्या, आणि त्यातही आधी मार्क. मला 6.4 ची काळजी वाटत नाही. बॅकलॉग पुढच्या परीक्षेत निघेल. काळजी वाटते ती "हिनेच फर्म डिजिटल करायची" या वाक्याची.

फर्मची कामाची पद्धत बदलणं हे मालकाचं काम आहे. तुमचे सुपरवायझर आणि मिस्त्री वर्षानुवर्षं तुमच्या शब्दावर चालत आलेत. उद्या वीस-एकवीस वर्षांची मुलगी साइटवर जाऊन म्हणणार, "काका, मोजमाप वहीत नको, टॅबवर भरा." ते हसून मान डोलावतील आणि संध्याकाळी वहीतच लिहितील. तुम्ही स्वतः वही मागायचं थांबवलं नाहीत, तर तिचं कोण ऐकणार? सहा महिन्यांनी काहीच बदललं नाही की घरात बोललं जाईल, "एवढे पैसे घातले, काय उपयोग झाला?" नोकरीत जमलं नाही तर माणूस राजीनामा देतो. बापाच्या फर्मला राजीनामा कसा देणार? पहिल्याच कामात तिला हे अपयश पदरात देऊ नका. मी हे कडक शब्दांत लिहितोय, कारण अशी मुलं मी पाहिली आहेत. पुढे ती आपल्या विषयाचं नावसुद्धा काढत नाहीत.

आता तुमचा मोठा गैरसमज. तुम्ही बिमला सॉफ्टवेअर समजताय: शिकलं, बसवलं, झालं. सॉफ्टवेअर हा त्यातला सोपा भाग. कोणती माहिती कोणी, कधी, किती अचूक भरायची आणि ती सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून कशी घ्यायची, ही शिस्त म्हणजे बिम. नागपूर मेट्रोने फाइव्ह-डी बिम वापरलं, म्हणजे त्रिमितीय मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च जोडला. त्यासाठी साइटवरून खरी प्रगती आणि खरी मोजमापं येत राहावी लागतात. तुमच्याकडे पाइप टाकून खड्डा बुजवल्यावर इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे पाइपच्या आतल्या तळाची पातळी, कुठे राहते? मिस्त्रीच्या डायरीत, नाहीतर डोक्यात. आरए बिलाच्या, म्हणजे काम चालू असतानाच्या हप्त्याच्या बिलाच्या वेळी ती आठवून लिहिली जाते. अशा फर्ममध्ये कितीही महागडं मॉडेल आणा, आत भरायला काही नाही.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. महामार्ग प्राधिकरणाने 2021 पासून प्रकल्पांचं दर महिन्याला ड्रोनने चित्रीकरण सक्तीचं केलं. हे वारं लहान कामांपर्यंत येणार. पण सुरुवात तुमच्या हातात आहे. येत्या पावसाळ्याआधी एकच काम निवडा. खड्डा बुजवण्याआधी प्रत्येक मॅनहोलची लेव्हल, पाइपचा व्यास, तारीख आणि ठिकाणासकट फोटो एकाच शीटमध्ये गेलाच पाहिजे, आणि बिल त्या शीटवरूनच बनेल, असा नियम करा. वहीवरचं बिल तुम्ही स्वतः परत पाठवा. एक चांगला डिप्लोमावाला पगारावर ठेवा. टेंडरमध्ये मॉडेल मागितलंच तर ते काम बाहेरून करून घेता येतं. ड्रोनचं रिमोट पायलट प्रमाणपत्र तर दहावी पास, 18 पूर्ण केलेला तुमचा साइटवरचा मुलगाही काढू शकतो. त्यासाठी इंजिनिअर लेक कशाला अडकवायची?

आणि ते नकाशे. कसले आहेत हे तुम्ही तिला विचारलेलं दिसत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, ते पाहून सिव्हिलची एक विद्यार्थिनी नकाशे घेऊन बसते, यापेक्षा चांगली खूण मला कुठल्या गुणपत्रिकेत मिळणार नाही. तुम्ही ज्याला डिजिटल म्हणता ते तिने बहुधा आधीच सुरू केलं आहे. नकाशे बनवायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. नदीची पातळी किती चढेल आणि पाणी कुठवर पसरेल हे काढणारं हेक-रास अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने बनवलं, तेही फुकट. पावसाळी गटारांच्या जाळ्यासाठी एसडब्ल्यूएमएम आहे, तिथल्या पर्यावरण संस्थेचं, 1971 पासून चालत आलेलं. ही साधनं शिकायला 1 लाख 60 हजार लागत नाहीत. हायड्रॉलिक्स आणि हायड्रॉलॉजी पक्कं लागतं, आणि ते तिच्या अभ्यासक्रमातच आहे. म्हणून बॅकलॉग कोणत्या विषयात आहे ते आधी बघा.

गटारांचं मॉडेल चालवायला काय लागतं, ठाऊक आहे? मॅनहोलच्या लेव्हल, पाइपचे व्यास, उतार. म्हणजे तुमच्या जुन्या एमबीतली, मोजमाप वहीतली माहिती. तिने मागितली तर द्या. "मग फर्मचंच काम कर" असं मात्र त्यावर म्हणू नका.

परीक्षांचं थोडक्यात: गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते, जलसंपदा किंवा हायड्रॉलॉजीत एम.टेक.साठी तोच रस्ता, आयआयटी रुरकीत हायड्रॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. जीपीएससी आणि एसएससी जेई या सरकारी नोकरीच्या परीक्षा पदवीनंतर आहेतच. बिम तिला स्वतःला शिकावंसं वाटलं तर विद्यार्थ्यांना रेव्हिट हे बिमचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सुट्टीत हात बसवता येईल.

कोर्सचा पुढचा हप्ता 10 तारखेला आहे असं तुम्ही लिहिलंय. तो भरू नका. भरलेले 20 हजार लेखी अर्ज करून परत मागा, नाही मिळाले तर सोडून द्या. आणि 10 तारखेच्या आत एका संध्याकाळी तिच्या शेजारी बसून ते नकाशे बघा. सल्ला देऊ नका, फक्त विचारा. त्यानंतर पुढचं पत्र तिला स्वतःला लिहू द्या, उत्तर मी तिला देईन.