व्हीएस कोडमधले शॉर्टकट : सुरुवात कुठून करावी

व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमधल्या शॉर्टकटची भली मोठी यादी छापून पाठ करू नका, दोन दिवसांत विसराल. आधी फक्त कंट्रोल + डी शिका. कर्सर एखाद्या शब्दावर ठेवून ते दाबलं की तो शब्द निवडला जातो. पुन्हा दाबलं की पुढचा तसाच शब्दही. मग टाइप कराल ते सगळीकडे एकदम बदलतं. मधला एखादा नको असेल तर कंट्रोल + के, मग कंट्रोल + डी. तो वगळून पुढे जाता येतं. चुकून जास्तीचा निवडला गेला, तर कंट्रोल + यू. व्हेरिएबलचं नाव बदलायचं असेल तर मात्र एफ२ च वापरा, कारण ते नुसती अक्षरं जुळवत नाही, कोडचा संदर्भ बघतं.

ओळ वर-खाली सरकवायला ऑल्ट आणि बाणाची की. कट-पेस्टची गरजच नाही. फाइल उघडायला कंट्रोल + पी.

हे सगळं विंडोज आणि लिनक्सचं. मॅकवर बऱ्याच ठिकाणी कंट्रोलऐवजी कमांड येतं. माऊस अजिबात सोडा असं मी म्हणणार नाही. पण जे काम दिवसभर पुन्हा पुन्हा करता, त्याचा शॉर्टकट आजच शोधा. कंट्रोल + शिफ्ट + पी दाबून कामाचं नाव लिहिलं की शॉर्टकट असल्यास शेजारीच दिसतो.