नॉर्वेची किनाऱ्याने उत्तरेकडे जाणारी बर्गन ते किर्केनेस बोट वसंतात कधी घ्यावी, एप्रिल की मे?

उत्तर दिवे (नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्रीच्या आकाशातला रंगीत ध्रुवीय प्रकाश) बघायचेच असतील तर मार्च संपायच्या आत जा. एप्रिलच्या मध्यानंतर तिकडे रात्र म्हणावी इतका काळोखच होत नाही, मग दिवे कुठले दिसणार? पण तो हट्ट नसेल तर मी डोळे झाकून मेचा दुसरा पंधरवडा सांगेन. डोंगरमाथ्यावर बर्फ असतो, खाली तो वितळून धबधबे फुगलेले असतात, आणि १४ मेच्या आसपास पार उत्तरेच्या नॉर्डकापला मध्यरात्रीचा सूर्य सुरू होतो, म्हणजे तो रात्रीही मावळत नाही.

उजेडाचा खरा फरक लोफोटेन बेटांना कळतो. उत्तरेकडे जाताना बोट तिथल्या स्वोल्वर बंदराला रात्री नवाच्या सुमारास लागते. मार्चच्या मध्यात तेव्हा फक्त बंदराचे दिवे दिसतात. मेमध्ये त्याच वेळी समुद्रातून सरळ वर आलेले कडे कॅबिनच्या खिडकीतूनही स्वच्छ दिसतात. १७ मे त्यांचा राष्ट्रीय दिन. त्या दिवशी बोटीवर वा बंदरात असाल तर पारंपरिक पोशाखातल्या मिरवणुका बघायला मिळतील, मात्र दुकानं बंद.

एप्रिल स्वस्त पडू शकतो, पण उत्तरेत तो चक्क हिवाळाच. बोटीचा गायरांगर फ्योर्डचा (डोंगरांमध्ये आत शिरलेल्या खाडीचा) फेरा सहसा जूनपासून असतो, तेव्हा त्यासाठी मे धरू नका. आधी बर्गनला दोन दिवस ठेवून जवळच्या हार्डांगर भागातला सफरचंदाचा बहर बघा, तोही मेमध्येच. शेंगेन व्हिसाचं मात्र फेब्रुवारीतच बघा, उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. आणि आर्क्टिक वृत्त ओलांडताना बोटीवर प्रथा म्हणून प्रवाशांच्या मानेवरून पाठीत बर्फ ओततात, हौस नसेल तर मागे उभे राहा!