काठी तडकली, पीठही पडतंय

प्रश्न : वडिलांसाठी भरीव वेळूची काठी घरी करत होतो. होळीनंतर वेळू कापून आणला आणि गच्चीवर उन्हात सुकवला. महिनाभरात टोकापासून चीर गेली, ती पहिली गाठ ओलांडून पुढे गेली आहे. खालून बारीक पिवळं पीठही पडतं. लांबी किती ठेवावी? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ही काठी वडिलांच्या हातात देऊ नका. चीर टोकाशीच थांबली असती तर तेवढा भाग कापून काम भागलं असतं. गाठ ओलांडलेली चीर वजन पडलं की उघडते. डिंक भरून ती फक्त दिसेनाशी होते.

पीठ पडतं ते भुंगेऱ्यामुळे. तो वेळूतल्या पिष्टावर जगतो, आणि कोंब फुटण्याआधी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, हे पिष्ट भरपूर असतं. पावसाळ्यात कोंब वाढवताना ते खर्ची पडतं. म्हणून वेळू दिवाळीनंतर, संक्रांतीच्या आत कापावा. तीन वर्षं पूर्ण झालेलाच घ्या : सालीवरची पांढरी भुकटी गेलेली असते, करडे डाग दिसतात, ठोकल्यावर खणखणीत वाजतो.

कापल्यावर लगेच औषध द्या. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड. चार इंची पीव्हीसी पाइपाचं एक टोक बंद करून त्यात वेळू आठवडाभर बुडवून ठेवा. एवढं पाणी सव्वा मीटर पाइपाला पुरतं. मिश्रण पोटात जाऊ नये, म्हणून मुलांपासून दूर ठेवा.

मग सावलीत उभा सुकवा, दोन-तीन महिने. साल पाणी सोडत नाही, टोकं मात्र झपाट्याने वाळतात आणि तिथूनच तडकतात. म्हणून दोन्ही टोकांना मेण लावा आणि दहा-दहा सेंटिमीटर जादा ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हाला तर वेळू दाखवूच नये.

वाक काढायचा तर तेल चोळून निखाऱ्यांवर वीतभर उंच धरा, सतत फिरवत राहा. साल घामेजल्यासारखी चमकली की हळूहळू दाबा आणि ओल्या फडक्याने थंड होईपर्यंत तसंच धरून ठेवा. घाई केली तर आतले तंतू तुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही.

लांबी सगळ्यात शेवटी. वडिलांना रोजच्या चपला घालून ताठ उभं करा, हात सैल सोडू द्या, मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजा. रबरी बुचाची जाडी त्यातून वजा करा. नुसती लोखंडी शेंबी फरशीवर घसरते, घरात रबरी बूचच हवं. त्याच्या तळाच्या कडा गुळगुळीत झाल्या की नवं बसवा.